‘अंडी आढळली नाहीत’ : मेंढ्यांच्या यकृतकृमीचे निदान आणि अहवालाची भाषा

‘यकृतकृमीची अंडी आढळली नाहीत.’ पशुवैद्यकीय प्रयोगशाळांतून मेंढपाळाच्या हाती पडणाऱ्या अहवालांत या अर्थाचे चार शब्दांचे वाक्य नित्य येते. वाक्य शुद्ध आहे, त्याचा अन्वय सरळ आहे आणि शास्त्रीय लेखनास साजेसा संयमही त्यात दिसतो. तरीही ते जेथे लिहिले जाते तेथून जेथे ऐकले जाते तेथपर्यंत पोहोचता पोहोचता त्याचा अर्थ पालटतो. प्रयोगशाळेत त्याचा अर्थ ‘अमुक दिवशी घेतलेल्या अमुक नमुन्यात, अमुक रीतीने पाहिले असता, अंडे दृष्टीस पडले नाही’ असा असतो. मेंढ्यांच्या वाड्यावर त्याचा अर्थ ‘जनावराला जंत नाहीत’ असा होतो, आणि औषध पाजण्याचे राहून जाते. या दोन अर्थांत अंतर किती आहे, ते कोठे उत्पन्न होते आणि त्याचा दोष शास्त्राकडे जातो की भाषेकडे, याची छाननी मराठी भाषेच्या अभ्यासकाने केल्यास ती अप्रस्तुत ठरू नये. कार्यालयीन मराठीकडे आपले टीकाकार वळतात ते बहुधा तिची थट्टा करण्यासाठी. तिच्यातील एखाद्या वाक्यावर एका कुटुंबाचा सारा कळप अवलंबून असू शकतो, इकडे लक्ष जात नाही.

छाननीपूर्वी रोगाचे स्वरूप थोडक्यात पाहणे आवश्यक आहे, कारण वाक्याचा सारा घोटाळा त्या स्वरूपातून निघतो. यकृतकृमी हा पानाच्या आकाराचा चपटा परोपजीवी कृमी होय. लिनीयसने १७५८ मध्ये जिला ‘फॅसिओला हेपॅटिका’ हे नाव दिले ती जाती थंड प्रदेशांतील असून भारतात ती मुख्यत्वे हिमालयाच्या परिसरात सापडते. महाराष्ट्रासह देशाच्या उष्ण भागात आढळते ती ‘फॅसिओला जायगँटिका’. कॉबोल्डने १८५५ मध्ये तिचे वर्णन केले ते एका जिराफाच्या यकृतातून मिळालेल्या नमुन्यांवरून. पूर्ण वाढलेला हा कृमी सात सेंटिमीटरांपर्यंत लांब होऊ शकतो. तो पित्तनलिकांत राहतो व तेथेच अंडी घालतो. अंडी पित्ताबरोबर आतड्यात आणि तेथून लेंडीवाटे बाहेर पडतात. पाण्यात पडलेल्या अंड्यातून निघालेली अळी ‘लिम्निया’ वर्गातील गोड्या पाण्याच्या गोगलगायीत शिरते, तिच्या शरीरात अनेक पटींनी आपली संख्या वाढवते, पुन्हा पाण्यात उतरते आणि काठच्या गवतावर कवच करून बसते. ते गवत मेंढीने खाल्ले की चक्र पुरे होते. लॉइकार्टने जर्मनीत आणि टॉमसने इंग्लंडात १८८१ ते १८८३ या काळात, परस्परांपासून स्वतंत्रपणे, हे चक्र उलगडले. त्याच्या थोडे आधी, १८७९-८० च्या अतिवृष्टीच्या हंगामात, इंग्लंडातील सुमारे तीस लाख मेंढ्या या रोगाने दगावल्या होत्या.

या चक्रातील एक कालखंड निदानाच्या दृष्टीने निर्णायक आहे. गवताबरोबर पोटात गेलेला कोवळा कृमी आतड्याची भिंत भेदून उदरपोकळीत उतरतो, तेथून यकृतात शिरतो आणि कित्येक आठवडे ते पोखरीत हिंडतो. या अवस्थेत तो अंडी घालीत नाही. हेपॅटिकाची अंडी लेंडीत दिसू लागण्यास संसर्गापासून सुमारे दहा ते बारा आठवडे लागतात, तर जायगँटिकाची दिसण्यास सुमारे तेरा ते सोळा. एकाच वेळी पुष्कळ कोवळे कृमी यकृतात उतरले तर मेंढी या मधल्या काळातच रक्तस्रावाने मरते. म्हणजे रोगाचे जे रूप सर्वांत घातक, नेमक्या त्याच रूपात लेंडीतील अंड्यांची संख्या शून्य असते. जबड्याखाली पाणी साचले आहे, डोळ्यांची आतली बाजू पांढरी पडली आहे, अंग खंगले आहे, अशा दीर्घकाळ रोग भोगणाऱ्या मेंढीच्या लेंडीत मात्र अंडी मिळतात. अंड्यांची मोजणी हे अशा रीतीने मागे राहिलेल्या खुणांवरून केलेले निदान आहे. खूण उमटण्यापूर्वीच ज्याने नुकसान केले त्याच्याविषयी ती काहीही सांगत नाही.

आता मोजणीच्या रीतीकडे वळावे. येथे भाषाभ्यासकाला अंकगणिताशी थोडे सख्य करावे लागते, आणि त्यात त्याचा तोटा नाही. मेंढ्यांच्या पोटातील गोल कृमींची अंडी मोजण्यासाठी जगभर रूढ झालेली रीत ‘मॅकमास्टर’ या नावाने ओळखली जाते. ऑस्ट्रेलियात गॉर्डन व व्हिटलॉक यांनी १९३९ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिच्या एका प्रचलित रूपात ४ ग्रॅम लेंड्या कुटून मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवतात आणि एकूण मिश्रण ६० मिलिलिटर करतात. काचपट्टीवरील दोन कप्प्यांत प्रत्येकी ०.१५ मिलिलिटर मिश्रण मावते. तरंगून वर आलेली अंडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजून त्या संख्येस ५० ने गुणले की दर ग्रॅमला किती अंडी ते निघते. या गुणाकारात एक गोष्ट दडलेली आहे. दोन्ही कप्पे मिळून पाहिले जाते ते मिश्रणाच्या दोनशेवा भाग, म्हणजे एका ग्रॅमचा पन्नासावा हिस्सा. एक अंडे दिसले तर अहवालात ५० लिहिले जाते; एकही दिसले नाही तर शून्य. या रीतीला १ ते ४९ हे आकडे ठाऊक नाहीत. तिचे ‘शून्य’ म्हणजे फार तर ‘बहुधा पन्नासाच्या आतबाहेर कोठेतरी’.

हे झाले गोल कृमींपुरते. यकृतकृमीच्या बाबतीत स्थिती याहून बिकट आहे. त्याचे अंडे मोठे, पिवळसर तपकिरी, एका टोकाला झाकण असलेले आणि जड असते. मिठाच्या संपृक्त द्रावणाची विशिष्ट गुरुता सुमारे १.२, त्यात गोल कृमीचे अंडे तरंगते आणि यकृतकृमीचे बुडते. तेव्हा पाहणारा कप्प्याच्या वरच्या थरावर दृष्टी ठेवून बसला असता त्याला हवे असलेले अंडे तळाशी असते. म्हणून यकृतकृमीसाठी निक्षेपणाची रीत वापरावी लागते. लेंड्या पाण्यात कुटून गाळतात, गाळलेले पाणी उंच पेल्यात स्थिर ठेवतात, वरचे पाणी हलकेच ओतून देतात, पुन्हा पाणी घालतात, आणि पाणी निवळेपर्यंत हे चालू ठेवतात. तळाच्या गाळात मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला की बाकीचा कचरा निळा होतो आणि अंडी पिवळी राहतात. हा रंगभेद सौंदर्यासाठी केलेला नाही. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात राहणाऱ्या दुसऱ्या एका चपट्या कृमीची, ‘अँफिस्टोम’ची, अंडी आकाराने व झाकणाने जवळजवळ अशीच, पण रंगहीन असतात, आणि नवख्या डोळ्याला ती फसवतात. ३ ग्रॅम लेंड्यांचा सारा गाळ पाहिला आणि त्यात एकच अंडे मिळाले, तर दर ग्रॅमला संख्या एक तृतीयांश भरते. मॅकमास्टरच्या किमान ५० या आकड्याशी तिची तुलना केली तर एका रीतीचे शून्य आणि दुसरीचे शून्य यांच्यात दीडशे पटींचे अंतर आहे. अहवालात मात्र दोन्ही शून्ये एकाच चिन्हाने लिहिली जातात.

शिवाय अंडी एकसारखी बाहेर पडत नाहीत. ती पित्ताशयात साठतात आणि पित्त सुटेल तशी उतरतात. आज मिळाली नाहीत ती उद्या मिळू शकतात. मेंढी हगवणीने पातळ हागत असेल तर तीच अंडी अधिक वजनात विखुरतात व दर ग्रॅमची संख्या घसरते. कृमी किती आणि अंडी किती यांच्यात सरळ प्रमाण नसते, हे या शास्त्रातील जाणकार मान्य करतात, आणि म्हणूनच यकृतकृमीच्या बाबतीत ते संख्येपेक्षा एकाही अंड्याच्या अस्तित्वाला अधिक महत्त्व देतात. एका मेंढीऐवजी दहा मेंढ्यांच्या लेंड्या एकत्र करून कळपाचा नमुना तपासण्याची प्रथाही याच विचारातून आली.

येथपर्यंतचा मजकूर परोपजीवीशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला नवा नाही. प्रश्न असा की इतक्या अटींनी बांधलेले ज्ञान ‘आढळली नाहीत’ या क्रियापदात शिरताना त्या अटी कोठे सांडतात. या प्रश्नाचा विचार भारतीय दर्शनांनी आधीच करून ठेवला आहे, आणि प्रयोगशाळेच्या भाषेची चर्चा करताना त्याचे स्मरण कोणी करीत नाही हे नवल आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट नाही हे ज्ञान घट न दिसण्यातून होते. पण नुसते न दिसणे त्यांना पुरत नाही. अंधारात घट दिसला नाही म्हणून घटाचा अभाव सिद्ध होत नाही, कारण तेथे घट असता तरी तो दिसला नसता. ‘असता तर दिसलाच असता’ अशी स्थिती असेल तेव्हाच न दिसणे हे नसण्याचे प्रमाण ठरते. हिला ते ‘योग्यानुपलब्धी’ म्हणतात. लेंडीतील शून्याला ही कसोटी लावून पाहावी. मिठाच्या द्रावणात अंडे वर येतच नसेल, तर ते असते तरी दिसले नसते. संसर्गाला सोळा आठवडे झाले नसतील, तर कृमी असता तरी अंडे नसते. पहिल्या बाबतीत अंड्याचा अभाव सिद्ध होत नाही. दुसरीत अंड्याचा अभाव कदाचित सिद्ध होईल, पण कृमीचा नाही. अहवालातील वाक्य अनुपलब्धीचे आहे. ती योग्य की अयोग्य हे ठरवण्याची सामग्री वाक्यात नाही.

व्याकरणाच्या अंगाने पाहिले तरी निष्कर्ष हाच निघतो. निषेधाचे दोन प्रकार आपल्या परंपरेने सांगितले आहेत. निषेध क्रियेशी जोडला गेला तर तो प्रसज्यप्रतिषेध, नामाशी जोडला गेला तर पर्युदास. ‘अंडी आढळली नाहीत’ या वाक्यात नकार आढळण्याच्या क्रियेचा आहे. ‘लेंडी अंडीविरहित आहे’ असे म्हटले असते तर नकार वस्तूच्या गुणाकडे गेला असता. प्रयोगशाळा पहिले वाक्य लिहिते आणि वाचणारा दुसरे वाचतो. मराठीत हा घसरा सुलभ होण्याचे कारण ‘आढळणे’ या क्रियापदातही आहे. ‘सापडणे’ म्हटले की शोधणारा आणि शोध गृहीत असतो, हरवलेले सापडते. ‘दिसणे’ म्हटले की पाहणारा डोळा आला. ‘आढळणे’ मात्र वाटेत आपोआप गाठ पडावी तसे आहे. ‘सह्याद्रीत हा पक्षी आढळतो’ हे वाक्य ‘असतो’ या अर्थाने बोलले व ऐकले जाते, आणि ‘आढळत नाही’ म्हणजे ‘नसतो’. शास्त्रीय मराठीने तटस्थपणासाठी निवडलेले क्रियापद नेमके असण्या-नसण्याकडे सर्वाधिक झुकलेले निघावे हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. त्यातच या वाक्यात कर्ता तर नाहीच, करणही नाही. कोणी पाहिले हे न सांगितल्याने फारसे बिघडत नाही; कशाने पाहिले हे न सांगितल्याने वाक्याचा अर्थच अपुरा राहतो. ‘निक्षेपणाने पाहता’ हे दोन शब्द जेथे नाहीत तेथे ‘आढळली नाहीत’ हे विधान खरे की खोटे हे ठरवण्याची सोय उरत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. अहवाल हा मेंढपाळासाठी लिहिलेला नसतो, तो पशुवैद्यासाठी असतो. रीत कोणती, ऋतू कोणता, कळपाची लक्षणे कोणती हे पशुवैद्य जाणतो आणि अहवालाचा अर्थ तो लावतो. संकेतभाषा ही जाणत्यांच्या आपसातील भाषा असते व तिच्या आटोपशीरपणावर बाहेरच्याने रागवू नये. सुस्थिर व्यवस्थेत हा युक्तिवाद मान्य करावा लागेल. परंतु फिरत्या कळपाच्या बाबतीत नमुना पाठवणारा पशुवैद्य आणि अहवाल वाचला जाण्याच्या दिवशी जवळ असलेला पशुवैद्य एकच असेल याची हमी नसते; पुष्कळदा कागद कळपाच्या मागून जातो आणि तो वाचून दाखवणारा शाळेत जाणारा मुलगा असतो. ज्या वाक्याचा वाचक निश्चित नाही त्याने आपला संदर्भ स्वतःबरोबर वागवला पाहिजे. अहवालांतील ‘+’, ‘++’, ‘+++’ या चिन्हांविषयीही हेच म्हणता येईल. ती संख्या नव्हेत व शब्दही नव्हेत. दोन अधिकांचे अर्थ दोन प्रयोगशाळांत वेगळे असले तरी कागदावर ते सारखेच दिसतात. आणि ‘निगेटिव्ह’ या शब्दाविषयी तर बोलणेच नको. ‘रिपोर्ट निगेटिव्ह आला’ हे आजच्या बोलण्यात सुटकेचा निःश्वास टाकण्याचे वाक्य झाले आहे. त्यातून शंका उरत नाही, आणि येथे ती उरायला हवी असते.

वाक्यरचनेपेक्षाही शब्दयोजनेत अधिक हानी झालेली दिसते. मराठीत ‘जंत’ आणि ‘जंतू’ हे दोन शब्द एकाच संस्कृत ‘जन्तु’पासून आले आणि त्यांनी आपापली क्षेत्रे वाटून घेतली. पोटातला तो जंत, डोळ्याला न दिसणारा रोगकारक तो जंतू. यावरून ‘जंतनाशक’ म्हणजे पोटात द्यायचे औषध आणि ‘जंतुनाशक’ म्हणजे गोठा किंवा जखम धुण्याचे द्रव्य, असे दोन शब्द सिद्ध झाले. अर्थभेद एका ऱ्हस्व उकाराने तोलून धरला आहे. भाषाशास्त्राच्या वर्गात लघुतम भेदाच्या जोडीचे उदाहरण म्हणून ही जोडी उत्तम. मुद्रितांच्या हयगयीत ती धोक्याची. पशुसंवर्धनाच्या पत्रकांत ‘मेंढ्यांना जंतुनाशक पाजावे’ असे छापलेले सापडते, आणि ते वाचून कोणी फिनेल पाजत नाही हे वाचकाच्या शहाणपणाचे श्रेय आहे, लेखकाच्या नव्हे.

‘जंत’ या शब्दाची दुसरी अडचण त्याच्या व्याप्तीची आहे. गोल, चपटा, पट्टीसारखा, सारेच जंत. त्यामुळे ‘जंताचे औषध’ ही एकच वस्तू आहे असा समज होतो. वस्तुस्थिती अशी की गोल कृमींवर गुणकारी असलेले फेनबेंडाझोल नेहमीच्या मात्रेत यकृतकृमीवर भरवशाचे नाही. अल्बेंडाझोल व ऑक्सिक्लोझानाइड प्रौढ यकृतकृमी मारतात, पण यकृत पोखरणारे कोवळे कृमी त्यांना दाद देत नाहीत. कोवळ्यांवर चालणारे ट्रायक्लाबेंडाझोल. ‘जंताची अंडी ++’ एवढेच कागदावर असेल तर दुकानात मिळेल ती बाटली घेतली जाते, मेंढ्या मरत राहतात आणि दोष औषधाला लागतो.

‘शेण तपासणी’ हा शब्द मेंढ्यांच्या संदर्भात वापरणे हा असाच एक निष्काळजीपणा. इंग्रजीला सर्व जनावरांसाठी एक शास्त्रीय शब्द पुरतो. मराठीने गाई-म्हशींचे शेण, घोड्या-गाढवांची लीद, शेळ्या-मेंढ्यांची लेंडी आणि पाखरांची शीट असे भेद करून ठेवले आहेत, आणि ते केवळ जनावराचे भेद नसून द्रव्याच्या घडणीचेही आहेत. लेंडी म्हणजे सुटी, घट्ट, गोळीदार. मेंढीची लेंडी मोडून ती पातळ हागू लागली ही बातमी मेंढपाळ ज्या शब्दांत सांगतो, त्यातच दर ग्रॅमच्या आकड्यावर परिणाम करणारी माहिती असते. ‘लेंडी बांधलेली की मोडलेली’ असा एक रकाना नमुन्याच्या कागदावर असता तर मोजणी करणाऱ्याला शून्याचे वजन करणे सोपे गेले असते. भाषेने आयता दिलेला भेद ‘विष्ठा’ या सर्वसमावेशक शब्दाखाली पुसून टाकणे याला शास्त्रीयता म्हणता येत नाही.

कृमीच्या नावांकडे पाहिले तर असे दिसते की प्रत्येक भाषेने नाव ठेवताना एक छोटे निदानच केले आहे. इंग्रजीतील ‘फ्लूक’ हे मूळ एका चपट्या माशाचे नाव. जर्मनांनी याला यकृतातील जळू म्हटले. लॅटिन ‘फॅसिओला’ म्हणजे छोटी पट्टी. फ्रेंचांची ‘दूव’ सर्वांत बोधप्रद आहे. जाँ द ब्री याने १३७९ मध्ये मेंढपाळीवर लिहिलेल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन असून, ओलसर जागी उगवणारी ‘दोव’ नावाची वनस्पती खाल्ल्याने तो होतो असे म्हटले आहे. पुढे वनस्पतीचे नाव कृमीला चिकटले. कारण चुकले, पण जागा चुकली नाही. ओल्या काठाचे गवत आणि यकृताचा रोग यांचा संबंध त्याने गोगलगायीच्या शोधापूर्वी पाचशे वर्षे टिपला होता. ग्रांथिक मराठीतील ‘पर्णकृमी’, ‘पर्णाभ कृमी’, ‘यकृतकृमी’ ही नावे आकार व स्थान सांगतात. ती निर्दोष आहेत. पण पाण्याची आठवण करून देणारे त्यांत काही नाही. ‘यकृत’ हा शब्दही वाड्यावर परकाच. खाटकाकडे ती ‘कलेजी’, आणि ‘काळीज’ हा मूळचा यकृतवाचक शब्द आता हृदयाकडे गेला आहे. या रोगाचे सर्वांत निःसंदिग्ध निदान आजही खाटकाच्या सुरीखाली होते, जेथे जाड झालेल्या पित्तनलिकांतून पानासारखे कृमी बाहेर येतात. ते निदान शंकारहित असते आणि त्या मेंढीला निरुपयोगी असते.

हा सारा विचार एका ठिकाणी आणून पाहण्यासाठी मुळशी तालुक्यातील भुकूमचे उदाहरण घेता येईल. पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावर भूगावच्या पुढे हे गाव लागते. जवळच खाटपेवाडीच्या बाजूस रामनदीचा उगम आहे. भूगाव, बावधन, पाषाण असे वळसे घेत ती औंधजवळ मुळेला मिळते. शासनाचा पशुरोग अन्वेषण विभागही औंधलाच आहे, तेव्हा भुकूमची लेंडी आणि भुकूमचे पाणी एकाच दिशेने जातात असे विनोदाने म्हणता येईल. पुण्याच्या पूर्वेकडील अवर्षणी पट्टा हा मेंढ्यांचा प्रदेश. भुकूमपासून पश्चिमेकडे पाऊस वाढत जातो, भातखाचरे लागतात आणि पौडपलीकडच्या डोंगरांत राहणारे गवळी धनगर मेंढ्यांऐवजी म्हशी पाळतात. मेंढीला ओल सोसत नाही हे धनगरांना कोणत्याही सूक्ष्मदर्शकाशिवाय ठाऊक आहे. दिवाळीनंतर कोरड्या पठारावरून कोकणाकडे उतरायचे आणि पावसापूर्वी परत फिरायचे, हे त्यांच्या स्थलांतराचे वेळापत्रक त्या ज्ञानावर उभे आहे.

आता असे समजावे की एक वाडा मार्गशीर्षात भुकूमच्या शिवारात उतरला आहे. वाघर लावून मेंढ्या रात्री शेतात बसवल्या आहेत. शेतकऱ्याला खत आणि धनगराला धान्य वा पैसा मिळायचा आहे. आश्विन-कार्तिकात हा कळप पठारावरील एखाद्या आटत्या तळ्याच्या काठाने चरला. चार मेंढ्या मलूल आहेत, एक मेली आहे. लेंड्या तपासायला गेल्या आणि उत्तर आले, ‘अंडी आढळली नाहीत’. ‘डॉक्टर, बकऱ्यांत जंत हायती का न्हाईत?’ एवढाच धनगराचा प्रश्न असतो, आणि काही भागांत धनगर मेंढरांनाच बकरी म्हणतात हे ठाऊक नसलेला कारकून नोंदीत ‘शेळी’ लिहून मोकळा होतो. वाडा पुढे जातो. कोकणात भात कापलेल्या खाचरांत चरून वैशाखात तो परत भुकूमला येतो. पुन्हा नमुना जातो, आणि या वेळी अंडी मिळतात. दोन अहवाल शेजारी ठेवले तर कोणीही म्हणेल की कळप कोकणातून रोग घेऊन आला. असेही झाले असेल. पण मार्गशीर्षात ज्यांची अंडी दिसली नाहीत ते कृमी त्या वेळी मेंढ्यांच्या यकृतात असणे आणि वैशाखातील अंडी त्यांचीच असणे हेही तितकेच शक्य आहे. पहिला अहवाल ‘नाहीत’ म्हणाला आणि दुसरा ‘आहेत’. दोन्ही एकाच कृमींविषयी बोलत असू शकतील.

पहिल्या अहवालाचे वाक्य कसे असायला हवे होते हे सांगणे अवघड नाही. ‘दहा मेंढ्यांच्या एकत्रित ३ ग्रॅम लेंड्या निक्षेपणाने तपासल्या, यकृतकृमीचे अंडे दिसले नाही. गेल्या चार महिन्यांत लागण झाली असल्यास या तपासणीने ती कळत नाही.’ दोन वाक्ये लागली, पण त्यांत रीत आली, प्रमाण आले, काळ आला, आणि ‘आढळणे’ जाऊन ‘दिसणे’ आले. शब्द एकही नवा घडवावा लागला नाही. लेंडीतील कृमीचे प्रतिजन ओळखणारी एलायझा चाचणी अंडी दिसण्याच्या काही आठवडे आधी उत्तर देऊ शकते, हे खरे. तिचा प्रसार झाला तर चार महिन्यांचा हा आंधळा काळ आखडेल. तोवर वाड्यावरच्या मेंढीसाठी सूक्ष्मदर्शक, पेला आणि गाळणी हीच साधने राहणार, आणि त्यांचे म्हणणे कागदावर उतरवणारे वाक्यही राहणार.

एक उणीव मात्र अशा सुधारित वाक्यानेही भरून निघत नाही. नमुन्याच्या कागदावर ‘गाव’ असा एकच रकाना असतो. त्यात दोन्ही वेळा ‘भुकूम’ लिहिले जाईल, आणि यकृतकृमीच्या नकाशावर वैशाखात भुकूमला एक टिंब पडेल. लागण जेथे झाली ते तळे किंवा ते खाचर मात्र त्या नकाशावर कोरेच राहील. कळप कोठे कोठे चरला, कोणत्या पाण्यावर किती दिवस होता, हे वाड्यातला म्हातारा मुक्कामांच्या नावांनिशी क्रमाने सांगू शकतो. त्या क्रमात सोळा आठवडे मागे मोजत गेले की संशयित पाणवठे दोन-तीनच उरतात. त्याची ती यादी लिहून घेण्यास कागदावर जागा नाही.